मदत हवी आहे: चालता चालता वाय-फाय हँडसेटवरचा कॉल तुटतो

नमस्कार. गोव्यातील वेर्णा औद्योगिक वसाहतीतील एका औषधनिर्मिती कारखान्यात मी नेटवर्कचे काम पाहतो. उत्पादन विभागात मोबाईल नेण्यास मनाई असल्यामुळे तेथील पर्यवेक्षकांकडे कारखान्याच्या वाय-फायवर चालणारे हँडसेट असतात आणि ते आयपी पीबीएक्सला (नेटवर्कवर चालणाऱ्या अंतर्गत टेलिफोन एक्सचेंजला) जोडलेले आहेत. एका जागी उभे राहून बोलल्यास आवाज स्वच्छ येतो. मात्र बोलणारा माणूस कार्यालयातून गोदामाकडे निघाला, की वळणावर दोन-तीन सेकंद आवाज पूर्ण बंद पडतो आणि पुष्कळदा त्यानंतर चालणाऱ्याला पलीकडचे ऐकू येते, पण त्याचे बोलणे पलीकडे पोचत नाही.

कार्यालय जुन्या चिरेबंदी इमारतीत आहे, तर पुढील क्लीनरूमच्या भिंती पत्र्याच्या पॅनेलच्या आहेत. त्यामुळे सिग्नल कोठे अडतो हे शोधायला फार हुशारी लागत नाही. पुरवठादाराचे म्हणणे असे, की एपी (ॲक्सेस पॉइंट, म्हणजे वाय-फायचा सिग्नल देणारी उपकरणे) वाढवावेत आणि सर्वांची पॉवर पूर्ण ठेवावी. मला ते पटत नाही, कारण तुटण्याच्या क्षणीही हँडसेटवर रेंजच्या सर्व दांड्या दिसतात.

माझा संशय एपी बदलण्याच्या प्रक्रियेवर आहे. आम्ही डब्ल्यूपीए२ एंटरप्राइज (प्रत्येक उपकरणाची ओळख सर्व्हरकडून तपासून घेणारी वाय-फाय सुरक्षा) वापरतो आणि ओळख पटवणारा रेडियस सर्व्हर मुंबईच्या मुख्यालयात आहे; म्हणजे वळणावर नवा एपी पकडताना प्रत्येक वेळी परवानगी मुंबईहून येते. लॅपटॉपवर काम करणाऱ्याला एवढा विलंब जाणवतही नाही, परंतु जी.७११ या आवाज डिजिटल करण्याच्या पद्धतीमध्ये सामान्यतः दर २० मिलिसेकंदांना, म्हणजे सेकंदाला ५० पॅकेट जावी लागतात आणि उशिरा पोचलेले पॅकेट टाकूनच द्यावे लागते.

यावर ८०२.११ आर (एपी झटपट बदलता यावा यासाठीचे वाय-फाय मानक) हा उपाय असल्याचे वाचले आहे. पण आमच्या जुन्या हँडसेटना तो समजत नाही. नवे आणि जुने दोन्ही प्रकारचे हँडसेट एकाच एसएसआयडीवर (वाय-फायच्या एकाच नावावर) चालतील का? शिवाय सर्व हँडसेट ५ गिगाहर्ट्झवर नेण्याचा विचार आहे. दाबोळीचा नौदलाचा विमानतळ फार दूर नसल्यामुळे रडारचा काही त्रास संभवतो का?

प्रतिसाद:

आपला संशय योग्य वाटतो, परंतु आपल्याकडे दोष एक नसून दोन असावेत. दोन-तीन सेकंदांच्या खंडाचे कारण आपण सांगितलेलेच असेल. एकतर्फी आवाजाचे कारण मात्र निराळे असावे: एपी जोरात बोलतो, म्हणून हँडसेटला त्याचे ऐकू येते आणि दांड्याही भरलेल्या दिसतात, पण हँडसेटचा क्षीण आवाज परत एपीपर्यंत पोचत नाही. त्यामुळे पॉवर पूर्ण ठेवण्याचा सल्ला आजार वाढवणारा आहे. एपीची पॉवर हँडसेटच्या जोडीला येईल इतकी उतरवा. स्थिती उलटी असती, म्हणजे चालणाऱ्यालाच ऐकू येत नसते, तर गोदामातील एपी वेगळ्या व्हीलॅनवर (नेटवर्कच्या स्वतंत्र आभासी भागात) आहे का आणि तेथे हँडसेटचा आयपी पत्ता बदलतो का, हे मी आधी विचारले असते.

एकाच एसएसआयडीवर दोन्ही प्रकार चालवण्याच्या भानगडीत पडू नये. ८०२.११ आर चालू केल्यावर काही जुनी उपकरणे जोडलीच जात नाहीत. नव्या हँडसेटसाठी आर चालू असलेला स्वतंत्र एसएसआयडी करा. जुन्यांसाठी सामायिक पासवर्डचा वेगळा एसएसआयडी ठेवून त्याचा व्हीलॅन केवळ पीबीएक्सपर्यंत पोचेल असा बांधा. सुरक्षा थोडी कमी होते, पण मुंबईची फेरी वाचते.

रडारविषयी: ५२ ते १४४ या चॅनेलांवर एपीला रडारची चाहूल लागली, की चॅनेल सोडावा लागतो आणि चालू कॉल जातो. ३६ ते ४८ आणि १४९ ते १६१ यांवर ही अडचण नाही, म्हणून आवाजासाठी तेवढेच ठेवा.

हे बदल केल्यावर वळणावर हँडसेट हातात घेऊन मोजणी करा. सिग्नल उणे ६७ डीबीएमच्या (डीबीएम हे सिग्नलची ताकद मोजण्याचे एकक) खाली जाण्याआधी पुढचा एपी तेवढ्याच जोराने मिळाला पाहिजे. हँडसेटचा सिग्नल एपीला किती मिळतो, हा आकडा सर्व एपी सांभाळणाऱ्या कंट्रोलरवर दिसतो. तो येथे कळवावा, म्हणजे एपी खरोखर वाढवावे लागतील की नाही हे सांगता येईल.