मदत हवी आहे : धिंगरीच्या काढणीनंतर संध्याकाळी येणारा ताप आणि खोकला

नमस्कार. मी डिचोली तालुक्यातील एका अळंबी प्रकल्पात तीन वर्षांपासून काढणीचे काम करते. पहिली दोन वर्षे मी बटण अळंबीच्या वातानुकूलित खोल्यांत होते आणि तेथे मला कसलाही त्रास झाला नाही. गेल्या पावसाळ्यात मला धिंगरीच्या (ऑयस्टर अळंबीच्या) शेडमध्ये पाठवले आणि तेव्हापासून दुखणे मागे लागले आहे.

सकाळी आठ ते दुपारी एक मी शेडमध्ये असते आणि तोवर काहीच जाणवत नाही. घरी येऊन जेवण झाले की तीन-चारच्या सुमारास अंगात कसकस सुरू होते, थंडी वाजून ताप चढतो, कोरडा खोकला येतो आणि विहिरीवरून कळशी आणतानाही धाप लागते. सकाळपर्यंत ताप उतरलेला असतो. रविवारी यातले काही होत नाही. चवथीला पाच दिवस घरी होते तेव्हा खोकलाही पूर्ण गेला, आणि कामावर परतले त्याच संध्याकाळी पुन्हा ताप आला. गावातील डॉक्टरांनी विषाणूजन्य ताप म्हणून दोनदा औषधे दिली. छातीचा एक्स-रे स्वच्छ आला. परंतु सुट्टीच्या दिवशी न चुकता थांबणारा ताप विषाणूचा असेल, हे मला पटत नाही.

माझा संशय बीजाणूंवर, म्हणजे अळंबीच्या छत्रीतून पडणाऱ्या धुळीसारख्या सूक्ष्म कणांवर आहे. बटण अळंबी आम्ही छत्रीखालचा पडदा फाटण्यापूर्वीच पिरगळून काढतो, त्यामुळे तिचे बीजाणू बाहेर पडतच नाहीत. धिंगरीला असा पडदा नसतो आणि छत्री सपाट होऊन कडा वर वळू लागल्या की बीजाणूंचा वर्षाव सुरू होतो. सकाळी दार उघडून बॅटरी लावली की उजेडाच्या झोतात धुरासारखे काहीतरी तरंगताना दिसते, आणि खालच्या रांगेतील काळ्या क्रेटवर बोट फिरवले तर पिठासारखा पांढरट थर बोटाला लागतो. फूल मोठे झाले की वजन भरते, म्हणून व्यवस्थापक एक दिवस उशिरा काढायला सांगतात. कडा आत वळलेल्या असतानाच तोडणी केली तर हा थर बराच कमी असतो, हे मी स्वतः पाहिले आहे.

अळंबी कामगारांना होणाऱ्या फुप्फुसाच्या दाहाला हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिस म्हणतात, त्यात श्वासातून कण गेल्यावर चार ते आठ तासांनी ताप येतो आणि सुरुवातीला एक्स-रे स्वच्छही असू शकतो, असे वाचल्यापासून मला काळजी वाटते, कारण संपर्क चालूच राहिला तर फुप्फुस कायमचे घट्ट होऊ शकते. मी बांबोळीला गोवा वैद्यकीय महाविद्यालयात दाखवणार आहे. तेथे कामाची कोणती माहिती आवर्जून सांगावी आणि श्वासक्षमतेची चाचणी की सीटी स्कॅन, कशाचा आग्रह धरावा?

शेडमध्ये आर्द्रता 85 टक्क्यांच्या आसपास असते, त्यामुळे कापडी मास्क तासाभरात ओला होऊन श्वास कोंडतो. एन-95 मास्क लावून कोणी सलग पाच तास काढणी केली आहे का, आणि तो किती वेळाने बदलावा लागतो? आत शिरण्यापूर्वी अर्धा तास पंखे चालवून हवा बाहेर काढल्याने कोणाला फरक पडला आहे का? बीजाणू न सोडणारे धिंगरीचे वाण असतात असे ऐकते. जुने गोवे येथील केंद्रीय किनारी कृषी संशोधन संस्थेत अळंबीचे प्रशिक्षण घेतलेल्या कोणाला त्याविषयी माहिती असल्यास कृपया सांगावे. आमच्या शेडमध्ये आणखी चार बायका काम करतात आणि त्यांपैकी एकीला आता खोकला सुरू झाला आहे.