मदत हवी आहे: कुंडीखाली बेडकाची अंडी, पाण्यात सोडू का?

गुऱ्हाळ: गगनबावड्याच्या घरी आलोय. कुंडी सरकवली तर खाली ओल्या पाचोळ्यात पारदर्शक गोळ्या, ज्वारीएवढ्या. आत काहीतरी वळवळतंय. जवळ डबकंही नाही. बादली भरून ठेवलीय, टाकू का? संध्याकाळी कोल्हापूरला निघायचंय.

रानवाट: फोटो? फेस होता का? रात्री झुडपातून टिकटिक ऐकू येते?

गुऱ्हाळ: फेस-बिस काही नाही. टिकटिक रात्रभर, झोप नाही. रेंज नाही, फोटो जात नाही. टाकू की नको एवढंच सांगा.

तिखटकट: टाका की! बेडकाची अंडी पाण्यातच असतात. आमच्या विहिरीत बघा.

जुनीपेठ: पालीची असतील.

रानवाट: पालीची पांढरी, कडक कवचाची असतात. तिखटकट, तुमच्या विहिरीतला बेडूक वेगळा. ही झुडपी बेडकाची दिसतात. शेपटीचा टप्पा अंड्यातच उरकतो, बाहेर येतो तो थेट चार पायांचा नखाएवढा बेडूक. बादलीत टाकलीत तर मरतील.

घाटमाथा: फेस असता तर मलबारी उडता बेडूक म्हटलं असतं. तो पाण्यावरच्या फांदीला फेसाचं घरटं बांधतो, पिल्लं खाली पाण्यात पडतात. हा मात्र रावऑर्केस्टिस वंशातलाच झुडपी बेडूक! २०१० साली बेडूक-अभ्यासक सी. आर. नारायण रावांच्या नावावरून वंशाचं नाव ठेवलं.

रानवाट: 'च' कशाला? आंबोलीचा झुडपी बेडूक, २००९ साली नोंदवलेला, तो स्युडोफिलॉटस या दुसऱ्याच वंशातला. तोही पाण्याबाहेरच अंडी घालतो. फोटोशिवाय नाव ठेवू नका.

जुनीपेठ: बेडूक घरात येत असतील तर उंबऱ्यावर मीठ टाका.

घाटमाथा: अहो काका, कोणी विचारलं? बेडूक कातडीतून पाणी घेतो, मिठानं तडफडून मरेल.

तिखटकट: दाजीपूर अभयारण्य सध्या उघडं आहे का हो? रविवारी जायचं होतं.

गुऱ्हाळ: अहो, माझं काय? परत झाकून ठेवू का? कुंडीत काल कीटकनाशक ओतलंय, ते खालून झिरपतंय.

रानवाट: हे आत्ता सांगताय?! मग तिथं ठेवू नका. औषध न लागलेल्या पाचोळ्यासकट खुरप्यानं उचला, बोट लावू नका. अंगणातच सावलीत, ओल्या जागी ठेवून वर पाचोळा पसरा. पाइप मारू नका, पाणी साचेल असा खड्डाही नको.

गुऱ्हाळ: फणसाखाली चालेल? तिथं कोंबड्या उकरतात.

घाटमाथा: वर जाळीची पाटी उपडी घाला, दगड ठेवा. अन् ती बादली आधी रिकामी करा.