चेक इंजिनचा दिवा पुन्हा पुन्हा लागतोय, कोड पी०१७१, ऑक्सिजन सेन्सर बदलू का?

जुनी_चारचाकी

नमस्कार मंडळी. गाडी १८ वर्षांची आहे, पेट्रोल, चार सिलिंडर, आणि मला ती सोडायची नाहीये. महिन्याभरापूर्वी मीटरमधला तो पिवळा इंजिनचा दिवा लागला. गाडी तशी नीट पळत होती म्हणून दोन-चार दिवस तशीच चालवली, मग आयडलला थरथर जाणवायला लागली, उभी असली की आरपीएमचा काटा खालीवर होतो, वेगात असताना मात्र काही नाही. गॅरेजमध्ये नेली, त्यांनी स्कॅनर लावला, पी०१७१ निघाला, म्हणाले ऑक्सिजन सेन्सर (एक्झॉस्टच्या धुरातला ऑक्सिजन बघणारा) गेलाय, बदलावा लागेल. कशावरून म्हणून विचारलं तर म्हणे कोडच सांगतोय. मला ते पटलं नाही, पण समजून न घेता वाद कसा घालणार, म्हणून कोड तेवढा पुसून घेतला आणि गाडी घरी आणली. तिसऱ्या दिवशी दिवा परत लागला.

आता मी स्वतः एक छोटा ब्लूटूथ अडॅप्टर आणलाय, स्टीअरिंगखालच्या १६ पिनांच्या सॉकेटला लावून मोबाइलवर बघता येतं. तोच कोड आहे, शिवाय पेंडिंगमध्ये (अजून पक्क्या न झालेल्या कोडांत) पी०३०० पण दिसतोय. अ‍ॅपमध्ये आकडे ढीगभर आहेत, त्यातलं नक्की काय बघायचं ते कळत नाहीये. पाने, पकडी, मल्टीमीटर आहे, हात काळे करायची तयारी आहे. सेन्सर बदलण्याआधी घरी काय काय तपासता येईल?

---

काळं_तेल

सेन्सर अजिबात आणू नका, निदान आत्ता तरी नाही. पी०१७१ चा अर्थ एवढाच की मिश्रणात हवा जास्त आणि पेट्रोल कमी पडतंय, आणि ही तक्रार करणारा तो बिचारा ऑक्सिजन सेन्सरच असतो. तक्रार करणाऱ्यालाच काढून टाकलं तर बिघाड जागच्या जागी राहतो. कोड म्हणजे कॉम्प्युटरला गडबड कुठे जाणवली ते, कुठला पार्ट खराब आहे ते नव्हे. सेन्सरचा स्वतःचा बिघाड असेल तर बऱ्याचदा त्याचे कोड वेगळे येतात, उदाहरणार्थ त्याचा हीटर गेला तर पी०१३५.

आता ते ढीगभर आकडे बाजूला ठेवा आणि फक्त दोन शोधा, शॉर्ट टर्म फ्युएल ट्रिम आणि लाँग टर्म फ्युएल ट्रिम. सेन्सरने हवा जास्त आहे असं सांगितलं की कॉम्प्युटर पेट्रोल वाढवतो, आणि किती टक्के वाढवतोय तो हा आकडा. शॉर्ट टर्म क्षणाक्षणाला हलतो, लाँग टर्म म्हणजे कॉम्प्युटरने अंगवळणी पाडून घेतलेली सवय. दोन्हींची बेरीज करायची. शून्याच्या आसपास पाच टक्के इकडेतिकडे असेल तर काळजी नको, बेरीज दहाच्या वर गेली की शोधाशोध करायची.

इंजिन पूर्ण गरम झाल्यावर एकदा आयडलला आकडे घ्या आणि एकदा पायाने आरपीएम २५०० वर मिनिटभर स्थिर धरून घ्या. आयडलला बेरीज खूप जास्त आणि २५०० ला कमी होत असेल तर कुठूनतरी चोरटी हवा आत शिरतेय. कारण आयडलला थ्रॉटल (हवेची झडप) जवळजवळ बंद असतं, मॅनिफोल्डमध्ये (सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या नळ्यांत) ओढ जबरदस्त असते आणि इंजिन मुळात हवा थोडीच घेतं, त्यामुळे छोट्या भोकातून आलेली हवासुद्धा त्या मानाने खूप ठरते. उलट जोर दिल्यावर आकडा चढत गेला तर पेट्रोल पुरत नाहीये, म्हणजे फिल्टर, पंप, नाहीतर एअर फ्लो सेन्सर मळल्यामुळे हवा कमी मोजतोय.

आणि हो, फ्रीज फ्रेम बघा. कोड लागला त्या क्षणी आरपीएम किती, वेग किती, पाणी किती गरम हे कॉम्प्युटर टिपून ठेवतो. कोड पुसला की तेही जातं, म्हणून पुसायच्या आधी नेहमी फोटो काढून ठेवायचा. गॅरेजमध्ये पुसल्यावर पहिली फ्रेम गेली, पण आता दिवा परत लागलाय म्हणजे नवी असणार.

एक विचारायचं राहिलं, तुमच्या गाडीत हवा मोजायला एअर फ्लो सेन्सर आहे की मॅनिफोल्डचा दाब बघणारा मॅप सेन्सर? मॅपवाल्या गाडीत चोरटी हवासुद्धा दाबात धरली जाते, तिथे ट्रिम फारसा न वाढता नुसतं आयडल चढलेलं दिसू शकतं.

---

मधली_लेन

वरचं सगळं बरोबर आहे पण पी०३०० दिसतोय म्हणून एक आधी सांगते, तो मिसफायरचा, म्हणजे सिलिंडरमध्ये पेट्रोल नीट न जळण्याचा कोड आहे, कुठल्याही एका सिलिंडरचा नाही तर फिरता. दिवा स्थिर असेल तर सावकाश चालवून तपासायला वेळ आहे. पण दिवा लुकलुकायला लागला तर लगेच पाय काढा, जोर देऊ नका आणि गाडी सुरक्षित जागी थांबवा. मिसफायरमध्ये न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरकडे जातं आणि धूर शुद्ध करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जळून त्याला आतून वितळवतं. माझ्या आधीच्या गाडीत असंच झालं, प्लगला ठिणगी देणाऱ्या एका साध्या कॉइलवर जे निभावलं असतं त्यासाठी अख्खा कन्व्हर्टर गेला, अजून वाईट वाटतं. आणि तेलाच्या दाबाचा लाल दिवा हा पूर्ण वेगळा प्रकार, तो चालत्या गाडीत लागला तर इंजिन ताबडतोब बंद, घरापर्यंत नेऊ असा विचारसुद्धा नको.

नंतर जर पी०३०२ वगैरे एखाद्याच सिलिंडरचा कोड आला आणि प्रत्येक प्लगवर स्वतंत्र कॉइल असेल तर त्याची कॉइल शेजारच्या सिलिंडरवर लावून बघा. कोड कॉइलबरोबर सरकला, म्हणजे पी०३०३ झाला, तर कॉइल दोषी. तिथेच राहिला तर प्लग, इंजेक्टर, शेवटी कॉम्प्रेशन या क्रमाने जा.

---

बारा_व्होल्ट

मल्टीमीटर आहे तर पाच मिनिटं बॅटरीला द्या, जुन्या गाडीत मी सुरुवात कायम इथूनच करतो. रात्रभर उभ्या गाडीत साधारण १२.६ व्होल्ट आणि इंजिन चालू असताना १३.८ ते १४.४ च्या आसपास यायला हवं. व्होल्टेज पडत असेल किंवा इंजिनपासून बॉडीला जाणारी अर्थिंगची पट्टी गंजली असेल तर सेन्सर चुकीचं बोलायला लागतात आणि एकमेकांशी संबंध नसलेले चार-पाच कोड एकदम येतात. तुमचे दोन कोड एकमेकांशी जुळतात, मिश्रण पातळ झालं की मिसफायर होतोच, त्यामुळे इथे ते कारण असेल असं वाटत नाही, पण बघून टाका म्हणजे डोक्यातून जाईल.

वाचणाऱ्यांपैकी कोणाची गाडी याहून जुनी असेल तर आधी सॉकेट नीट ओळखा. ही १६ पिनांची पद्धत अमेरिकेत १९९६ पासून सक्तीची झाली, युरोपात पेट्रोल गाड्यांना २००१ पासून. त्याआधीच्या कित्येक गाड्यांत ठरावीक दोन पिना वायरने जोडल्या की दिवाच लुकलुकून कोड सांगतो, लांब किती आणि छोटे किती हे मोजायचं. पण कुठल्या पिना ते त्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये बघूनच, अंदाजाने वायर घातली तर कॉम्प्युटर जळू शकतो.

---

जुनी_चारचाकी

सगळ्यांचे आभार, काल संध्याकाळी बसलो. बॅटरी १२.५, चालू असताना १४.१, अर्थिंगची पट्टी काढून घासून परत बसवली. गाडीत एअर फ्लो सेन्सर आहे, एअर फिल्टरच्या डब्यानंतर लगेच.

फ्रीज फ्रेममध्ये वेग शून्य, आरपीएम ७८०, पाणी ८८ डिग्री, म्हणजे गाडी गरम होऊन उभी असतानाच कोड लागलाय. ट्रिम असे आले, आयडलला लाँग १९ आणि शॉर्ट ६, बेरीज २५. आरपीएम २५०० ला लाँग ६ आणि शॉर्ट २, बेरीज ८. तुम्ही म्हणालात तसं चोरट्या हवेचंच दिसतंय ना? आता भोक शोधू कसं? व्हिडिओंमध्ये कार्ब क्लीनरचा स्प्रे मारताना दाखवतात.

---

काळं_तेल

तुमच्या आकड्यांवरून मी तरी हवेच्या गळतीवरच जाईन.

कार्ब क्लीनर गरम इंजिनवर मारू नका. एक्झॉस्ट मॅनिफोल्ड शेजारीच तापलेला असतो, आग लागायला एक थेंब पुरतो. झाडांवर पाणी मारायच्या फवाऱ्याने हवेच्या मॅनिफोल्डच्या सांध्यांवर आणि नळ्यांवर थोडं थोडं पाणी मारा, कॉइल आणि वायरच्या जोडांपासून लांब. भोकावर पाणी पडलं की ते क्षणभर बुजतं आणि आवाज बदलतो. त्याआधी हातभर रबरी नळीचं एक टोक कानाशी धरून दुसरं टोक सगळीकडे फिरवा, सूंऽऽ असा आवाज जिथे मोठा होईल तिथे थांबा. पट्टा आणि पंख्यापासून हात, नळी, बाही सगळं जपून.

बघायचा क्रम माझ्या मते असा, एअर फ्लो सेन्सरपासून थ्रॉटलपर्यंतचा घड्यांचा रबरी पाइप (घड्या ताणून आतली चीर बघा, वरून दिसत नाही), मग पीसीव्हीची नळी (इंजिनच्या पोटातली वाफ परत आत ओढणारी), मग ब्रेक बूस्टरची (ब्रेकच्या पेडलला जोर देणाऱ्या डब्याची). पीसीव्हीवर माझा जास्त संशय आहे, कारण तेलाची वाफ वर्षानुवर्षं लागून ते रबर फुगतं, मऊ पडतं आणि खालच्या बाजूने फाटतं, जिथे आपली नजर जात नाही. हाताने चाचपून बघा. बूस्टरसाठी इंजिन बंद ठेवून ब्रेक कडक होईपर्यंत पाच-सहा वेळा दाबा, दाबलेलाच ठेवून स्टार्ट करा, पेडल थोडं खाली गेलं तर बूस्टर ठीक.

संशय आलेली नळी मॅनिफोल्डच्या बाजूला पकडीने कापडातून हळूच चिमटा आणि शॉर्ट टर्म बघत राहा. तो पटकन खाली आला तर भोक सापडलं, आणि ऑक्सिजन सेन्सर जिवंत आहे हेही त्यातच सिद्ध झालं.

---

जुनी_चारचाकी

सापडलं!! पीसीव्हीच्या नळीचा कोपरा, मॅनिफोल्डच्या मागे अगदी खाली. वरून नवीन वाटत होता. खालून बोट फिरवलं तर बोट आतच गेलं, करंगळीच्या पेराएवढी चीर. चिमटल्यावर शॉर्ट टर्म ६ वरून थेट उणे १४ वर गेला, आधी घाबरलो की नवीन काहीतरी बिघडवलं, मग लक्षात आलं की लाँगचे १९ अजून तसेच आहेत, त्यामुळे बेरीज ५ झाली. आयडलची थरथर तेवढ्या वेळापुरती पूर्ण बंद.

---

मधली_लेन

वा, खूप बरं वाटलं वाचून. नळी बदलताना दोन्ही क्लिपाही नव्या घाला, आणि त्याच वयाच्या बाकीच्या रबरी नळ्या एकदा चाचपून घ्या. टेप गुंडाळून चालवू नका, तेलाने दोन दिवसांत सुटते. त्यानंतर कोड पुसा, लाँग टर्म पुन्हा शून्यापासून शिकेल.

---

जुनी_चारचाकी

नळी आणि क्लिपा बदलून आज नऊ दिवस झाले. गरम इंजिन, आयडलला लाँग ३, शॉर्ट उणे १ ते २ मध्ये हलतोय. पेंडिंगमध्ये काही नाही, पी०३०० पण गेला. अ‍ॅपमध्ये रेडीनेसचे (गाडी स्वतःच्या स्वतः घेते त्या चाचण्यांचे) बाकी सगळे मॉनिटर पूर्ण झालेत, फक्त कॅटॅलिस्टचा, म्हणजे कन्व्हर्टरचा अपूर्ण दाखवतोय. इतके दिवस मिसफायर होत होता म्हणून त्याचीच धास्ती आहे, आपोआप होईल का काही करावं लागेल?

---

काळं_तेल

नुसत्या गल्लीतल्या फेऱ्यांत तो पूर्ण होत नाही. थंड इंजिन स्टार्ट करून नीट गरम होऊ द्या, मग मोकळ्या रस्त्यावर एकाच वेगात दहा-पंधरा मिनिटं पाय न हलवता चालवा, मधेच एकदोनदा ॲक्सिलरेटर सोडून गाडी आपोआप हळू होऊ द्या. टाकी पाव ते पाऊण भरलेली असू द्या, काही मॉनिटर त्याशिवाय चालूच होत नाहीत. झाल्यावर कन्व्हर्टरमागच्या सेन्सरचा आलेख बघा, तो ०.६-०.७ व्होल्टच्या आसपास बऱ्यापैकी सपाट राहिला तर कन्व्हर्टर वाचलाय. कन्व्हर्टरच्या पुढच्या सेन्सरसारखाच भराभर वरखाली नाचत असेल तर मात्र पी०४२० (कन्व्हर्टर नीट काम करत नाही असा कोड) येईल, पण तेव्हाही आधी एक्झॉस्टचे जोड कुठे फुसफुसत नाहीत ना ते बघायचं, तिथून आत आलेली हवासुद्धा सेन्सरला फसवते. आलेखाचा फोटो इथे टाका, मी बघतो.