[अमेरिकेतल्या मराठी मंडळाची मेल-यादी] काउन्सेलरच्या ग्रुपचा फॉर्म – उद्या सकाळपर्यंत सही हवी

प्रेषक: सहावीची आई
मंडळी, घाईत लिहितेय. लेकीच्या शाळेतल्या काउन्सेलरबाई (समुपदेशक) सहावीतल्या पाच-सहा मुलींचा छोटा ग्रुप घेणार आहेत, आठवड्यातून एकदा, शाळेच्या वेळात. फॉर्मवर फक्त ‘मैत्री आणि ताण’ एवढंच लिहिलंय. लेकीला जायचंय. हे म्हणतात, एकदा नाव लागलं की रेकॉर्डवर राहतं, कॉलेजच्या वेळी निघेल. मागच्या वर्षी ज्यांच्या मुली बसल्या होत्या त्यांनी लगेच कळवा.

अण्णा
माझं मत, नको. आमच्या थोरल्याला सातवीत असंच बोलावलं होतं, आम्ही नाही म्हटलं, काही अडलं नाही. बाहेरच्यांशी बोलायची सवय लागली की मुलं घरी बोलेनाशी होतात.

ताई (दुसऱ्या एका मिडल स्कूलमध्ये काउन्सेलर)
अण्णा, या वयात मुलं घरी गप्प होतात त्याला आम्ही कारण नसतो. पाचवीपर्यंत बहुतेक वेळ एकच बाई. सहावीत दर तासाला वर्ग बदलायचा, प्रत्येक विषयाला वेगळे शिक्षक, लॉकरचं कुलूप उघडत नाही, आणि जेवायला कुणाशेजारी बसायचं हे रोज नव्यानं ठरवायचं. शरीर बदलत असतं, झोप उशिरा लागते ती वेगळीच.

अशा ग्रुपमध्ये काय होतं ते सांगते. मी चिठ्ठ्या देते. एकीवर असतं: ‘मैत्रिणींनी तुला चॅट ग्रुपमधून काढलं. उद्या समोर आल्यावर पहिलं वाक्य काय बोलशील?’ मुली ते वाक्य मोठ्यानं बोलून बघतात, बदलतात, पुन्हा बोलतात. सहा-आठ आठवडे हे चालतं. ही थेरपी नव्हे. जास्त काळाची मदत लागेल असं वाटलं तर आम्ही पालकांना बोलावून बाहेरच्या थेरपिस्टचं सुचवतो.

रेकॉर्डचं: ग्रुपला बसल्याची नोंद कॉलेजला पाठवायच्या ट्रान्सक्रिप्टवर (हायस्कूलच्या गुणपत्रिकेवर) येत नाही. शाळेचं रेकॉर्ड बघायचा हक्क १९७४ च्या फेर्पा या शालेय नोंदींबद्दलच्या अमेरिकन कायद्यानं तुम्हाला आहेच. काउन्सेलर फक्त स्वतःच्या आठवणीसाठी जी टिपणं काढते आणि कुणाला दाखवत नाही, ती त्या रेकॉर्डमध्ये धरत नाहीत.

विचारायचंच तर गुप्ततेबद्दल विचारा. मुलगी काय बोलली ते आम्ही घरी शब्दशः कळवत नाही. जिवाला धोका असेल, कुणाला इजा होणार असेल किंवा छळाचा संशय असेल, तर मात्र गप्प राहता येत नाही. छळाचा संशय कळवणं कायद्यानंच बंधनकारक आहे. बाकीच्या मुली बाहेर काही बोलणार नाहीत याची हमी मात्र कुणीच देऊ शकत नाही, आणि मुलींना आम्ही ते पहिल्याच दिवशी सांगतो.

माई
ट्रान्सक्रिप्टचा विषय निघालाच आहे तर, आठवीतल्या अल्जेब्राचे मार्क काही ठिकाणी हायस्कूलच्या ट्रान्सक्रिप्टवर चढतात. आमच्या नातवाच्या वेळी हे कुणी सांगितलं नाही. मे महिन्यात, वर्ष संपत आल्यावर कळलं, तेव्हा काय करणार? काउन्सेलरनं खरं तर ही कामं करावीत.

ताई
माई, तेही आमच्याकडेच असतं. अमेरिकन स्कूल काउन्सेलर असोसिएशन २५० मुलांमागे एक काउन्सेलर असावा म्हणते. बऱ्याच शाळांत एका काउन्सेलरकडे त्याहून कितीतरी जास्त मुलं असतात. म्हणून आपण होऊन मेल करा, बोलावण्याची वाट बघू नका.

युवा समिती
मुलांचे विषय आधी समितीकडे यावेत असं गणपतीनंतरच्या बैठकीत ठरलं होतं. ताईंचं मुलं आणि पालकांसाठी सत्र आम्ही आधीच योजतोय, कृपया कुणी परस्पर तारीख ठरवू नये. मुलं आणि पालक एकत्र बसवायचे की वेगळे, यावर मतं द्या.

अण्णा
वेगळे. आईबापांसमोर कोण बोलणार?

सहावीची आई
ताई, खूप आभार. बाईंना सकाळी फोन केला. दर आठवड्याला तोच तास बुडणार नाही, वार बदलत राहील म्हणाल्या. लेक कधीही सोडू शकते, हेही सांगितलं. यांनीच सही केली. समितीला: माझंही मत वेगळे, पण मुलांचं आधी घ्या, म्हणजे त्यांचे प्रश्न नाव न लिहिता ताईंकडून पालकांपर्यंत येतील.