मदत हवी आहे: बहिणीची बायोप्सी 'नेल-१ मेम्ब्रेनस' आली, आणि घरात सगळे काढा द्या म्हणताहेत

पाऊसवेडी:

नमस्कार. बरीच वर्षं वाचनमात्र होते, पहिलाच धागा काढतेय. लांबेल थोडा, सांभाळून घ्या.

धाकटी बहीण, वय २६. मेमध्ये लग्न आहे. संक्रांतीच्या सुमारास सकाळी उठली की पापण्या सुजलेल्या दिसायच्या. जागरणाने असेल म्हणून सोडून दिलं. मग घोटे सुजले, पैंजण रुतायला लागले. लघवीला फेस येतोय हे तिने फार उशिरा सांगितलं. तपासली तर अल्ब्युमिन फोर प्लस. २४ तासांच्या लघवीत ६.२ ग्रॅम प्रोटीन, रक्तातलं अल्ब्युमिन २.१, कोलेस्टेरॉल ३६०. किडनीचं काम दाखवणारं क्रिएटिनिन मात्र ०.७, म्हणजे ठीक. शुगर नाही, बीपी नाही, ल्युपसच्या टेस्ट निगेटिव्ह, पीएलए२आरविरुद्धची एक अँटिबॉडी असते तीही निगेटिव्ह.

किडनीच्या बायोप्सीत आलं 'मेम्ब्रेनस नेफ्रोपॅथी, नेल-१ पॉझिटिव्ह', म्हणजे किडनीच्या गाळण्यांचा एक आजार. रिपोर्ट वाचून नेफ्रॉलॉजिस्टनी पहिलाच प्रश्न विचारला, "गोरं व्हायची क्रीम लावतेस का?" ही गप्प. मग कळलं, ऑगस्टपासून पार्लरमधून आणलेली क्रीम रोज रात्री लावतेय. पांढरी डबी, त्यावर ना कंपनी ना बॅच नंबर. पंधरा दिवसांत चेहरा उजळला म्हणून आम्ही सगळ्यांनी कौतुक केलं होतं. मी तर फोटोही काढले होते.

आता क्रीम बंद. टेल्मिसार्टन (बीपीचीच गोळी, पण लघवीतलं प्रोटीनही कमी करते), लघवी जास्त होण्याची गोळी, कोलेस्टेरॉलची गोळी आणि मीठ कमी. अशा क्रीममध्ये पारा असू शकतो, म्हणून रक्त-लघवीतला पारा तपासायला दिलाय. स्टिरॉइड सध्या नाही, तीन महिने बघू म्हणाले.

माझे प्रश्न: एवढं प्रोटीन जात असताना नुसतं बघत बसायचं का? दुसऱ्या डॉक्टरांना दाखवावं का? आणि बाबा म्हणतात प्रतिकारशक्ती कमी झाल्यामुळे हे झालं, म्हणून आत्या रोज गुळवेलीचा काढा आणि प्रोटीन पावडर पाठवतेय. देऊ का?

खारीबिस्किट:

काढा आधी थांबवा. बाकीचं सावकाश वाचा.

माझ्या नवऱ्याला मेम्ब्रेनसच आहे, पण पीएलए२आरवाला. आम्हीही सुरुवातीला प्रतिकारशक्ती कमी झाली असंच समजून च्यवनप्राशच्या बरण्या संपवल्या. इथे प्रतिकारशक्ती कमी नसते, ती घरच्याच माणसावर हात उगारते. किडनीतल्या गाळण्यांना बाहेरून पोडोसाइट नावाच्या पेशी धरून असतात. अँटिबॉडी तिथे येऊन चिकटतात, मग रक्तातली कॉम्प्लिमेंट नावाची प्रथिनं जागी होतात आणि त्या पेशींनाच इजा करतात. गाळणीची भोकं सैल होतात, अल्ब्युमिन लघवीत उतरतं. अल्ब्युमिन कमी झालं की पाणी रक्तात थांबत नाही, म्हणून सूज. क्रिएटिनिन बराच काळ चांगलं राहतं, त्यामुळे घरच्यांना आजार खराच वाटत नाही.

२००९ पर्यंत बहुतेक रुग्णांत या अँटिबॉडी नेमक्या कशावर चिकटतात तेच माहीत नव्हतं. त्या वर्षी पीएलए२आर सापडलं, आणि कारण न सापडणाऱ्या साधारण ७० टक्के रुग्णांत तेच निघतं. नवऱ्याला रिटुक्सिमॅब द्यावं लागलं. ते अँटिबॉडी बनवणाऱ्या बी पेशींनाच आवर घालतं. म्हणजे आमच्याकडे डॉक्टर प्रतिकारशक्ती दाबायला हजारो रुपये घेत होते आणि सासूबाई ती वाढवायला काढा उकळत होत्या!

दुसरी_घंटा:

मी डॉक्टर नाही, पण किडनी बायोप्सीच्या लॅबमध्ये १८ वर्षं काढली आहेत.

नेल-१ हे पीएलए२आरसारखंच अँटिबॉडींचं आणखी एक लक्ष्य, २०१९-२० च्या सुमारास ओळखलं गेलं. ते दिसलं की डॉक्टर आधी 'कोणी डिवचलं?' हे शोधतात. वयस्क रुग्णात कर्करोगाची तपासणी करतात. तरुण मुलीत क्रीम, भस्म, रसौषधी (पारा-धातूंची आयुर्वेदिक औषधं), वेदनाशामक गोळ्या विचारतात. तुमच्या डॉक्टरांनी पहिला प्रश्न बरोबर जागी टाकलाय.

केरळात मलप्पुरम जिल्ह्यातल्या कोट्टक्कलच्या डॉक्टरांनी हे मांडलं आहे. जुलै २०२१ ते सप्टेंबर २०२३ मध्ये त्यांच्याकडे मेम्ब्रेनसचे २२ रुग्ण आले, त्यातले १५ नेल-१ पॉझिटिव्ह, आणि त्या १५ पैकी १३ जण गोरेपणाची क्रीम लावत होते. आपल्याकडे अकोल्यात एकाच घरातल्या तिघींची बातमी २०२३ मध्ये वर्तमानपत्रांत आली होती, तिथेही क्रीमच.

पारा त्वचेत रंगद्रव्य बनवणारं एन्झाइम अडवतो, म्हणून उजळपणा खरा असतो. म्हणूनच लोक फसतात.

'नुसतं बघत बसायचं का' याबद्दल: बघत बसणं म्हणजे काही न करणं नव्हे. पाऱ्याचा संबंध बंद झाला की यातल्या बऱ्याच रुग्णांचं प्रोटीन टेल्मिसार्टनसारख्या औषधावरच हळूहळू उतरतं. त्याला काही महिने लागतात. शंका असेल तर दुसरं मत जरूर घ्या, फक्त बायोप्सीच्या स्लाइड आणि ब्लॉक (मेणात जपलेला तुकडा) सोबत न्या. नुसत्या रिपोर्टच्या झेरॉक्सवर कोण काय सांगणार!

साताऱ्याचे_काका:

ताई, घाबरू नका. आमच्या गावाजवळ एक वैद्य आहेत, किडनीचे किती तरी पेशंट बरे केलेत. एक काळी पुडी मधातून देतात. नंबर खाजगी निरोपात पाठवू का?

दुसरी_घंटा:

काका, हेतू चांगला आहे तुमचा, पण काळ्या पुडीत काय आहे ते वैद्यांना विचाराल का? कज्जली म्हणजे पारा आणि गंधक. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजने नेल-१ मेम्ब्रेनसचा संबंध पारंपरिक औषधांशी दाखवला आहे, आणि त्यांच्या तपासलेल्या औषधांत पारा निघाला होता. जी गोष्ट चेहऱ्यावरून काढली ती तोंडाने द्यायची?

खारीबिस्किट:

+१. गुळवेलीबद्दलही सांगते. २०२० मध्ये मुंबईत ती घेणाऱ्या काही जणांना लिव्हरचा त्रास झाला, डॉक्टरांनी तो छापला. आयुष मंत्रालयाला ते पटलं नाही, वाद झाला. त्या वादात मी पडत नाही, पण प्रतिकारशक्ती आधीच चिडलेली असताना तिला चेतवायचा प्रयोग मी बहिणीवर करणार नाही. प्रोटीन पावडरही नको. जातंय म्हणून भरायचं, असं इथे चालत नाही. घरचं वरण, दही, अंडं नेहमीइतकंच. पापड-लोणचं बंद.

अजून दोन गोष्टी. अल्ब्युमिन एवढं कमी असताना रक्ताच्या गाठी होऊ शकतात. एकच पाय सुजून दुखायला लागला किंवा दम लागला तर सकाळची वाट पाहू नका. आणि मेमध्ये लग्न आहे ना? टेल्मिसार्टन चालू असताना दिवस राहिलेले चालत नाहीत. हे डॉक्टरांशी आत्ताच बोला. आमच्याकडे नणंदेच्या वेळी लाजेपायी कोणी विचारलंच नव्हतं.

दुसरी_घंटा:

डबी फेकू नका, झाकण घट्ट लावून पिशवीत ठेवा आणि डॉक्टरांना द्या. उशीचे अभ्रे, टॉवेल बदला. क्रीम लावलेला चेहरा जिथे जिथे टेकतो तिथे पारा जातो. आणि घरात अजून कोणी ती लावत होतं का?

पाऊसवेडी:

सर्वांचे मनापासून आभार. आठ दिवसांनी लिहितेय, त्याचं कारण शेवटचा प्रश्न.

काढा बंद केला. आत्या रुसली आहे. बहिणीचा पाऱ्याचा रिपोर्ट आला, लघवीत मर्यादेच्या कितीतरी वर. गोळ्यांबद्दल डॉक्टरांशी बोलली, ती स्वतःच, मला बाहेर बसवून. सूज थोडी उतरली आहे.

आईला विचारलं तर आधी नाही म्हणाली. मग रात्री भांडी घासताना म्हणाली, गालावरच्या वांगासाठी तिच्या डबीतली थोडी थोडी घेत होते, तिला सांगू नकोस. काल तिची लघवी तपासली. प्रोटीन टू प्लस. परवा दोघींना घेऊन जातेय.

पार्लरवालीला फोन केला होता. म्हणाली, मी स्वतः चार वर्षं लावते, मला काही झालं नाही. तिलाही लघवी तपासून घ्यायला सांगितलंय.