आमदाराचे काम निधी आणण्याचे की हिशेब मागण्याचे?

सांगोलेकर :
सांगोल्याचे आमदार गणपतराव देशमुख, म्हणजे आपले आबा, अकरा वेळा निवडून आले, एसटीने फिरले, साधेपणाने राहिले, हे सारे मान्य करून 'माणदेशी' यांनी काल इथे विचारले की आबांनी सांगोल्यात निधी किती आणला. त्याखाली त्यांनी आजच्या आमदारांच्या फलकांवरचे कोटींचे आकडेही मांडले. आमदाराला मोजण्याची ही पट्टीच मला चुकीची वाटते, म्हणून सविस्तर लिहितो.

राज्यघटनेच्या अनुच्छेद 203 नुसार सरकारच्या खर्चाच्या मागण्या विधानसभेपुढे येतात आणि सभागृह त्यांना मंजुरी देऊ शकते, त्या नाकारू शकते किंवा त्यांत कपात करू शकते. पैसा मागण्याचा अधिकार सरकारचा आहे आणि तो देण्यापूर्वी प्रश्न विचारण्याचे काम आमदाराचे आहे. 28 जून 2024 रोजी राज्याचा अर्थसंकल्प मांडला गेला आणि त्याला पंधरा दिवसही झाले नव्हते, तोच 94,889 कोटी रुपयांच्या पुरवणी मागण्या, म्हणजे अर्थसंकल्पाबाहेरच्या जादा खर्चाच्या मागण्या, सभागृहात आल्या. जून 2025 च्या अखेरीस पुन्हा 57,509 कोटींच्या आल्या. अर्थसंकल्प मांडताना हा खर्च दिसत नव्हता काय, हे ज्याने उभे राहून विचारले त्याने माझ्या लेखी काम केले. आपल्या भागातली कामे त्या यादीत आहेत म्हणून जो गप्प बसला, त्याच्या फलकावर कितीही शून्ये असोत, त्याने आपले काम केले नाही.

माणदेशी :
तो प्रश्न विचारल्याबद्दल मला संकोच नाही. आबांविषयी माझ्या मनात आदर आहे आणि दुष्काळी तालुक्यांच्या पाणी परिषदेत नागनाथअण्णा नायकवडींबरोबर ते किती वर्षे उभे होते हेही मला ठाऊक आहे. तरीही टेंभू आणि म्हैसाळ या पाणी उपसा योजना वर्षानुवर्षे रखडल्या त्या पैशांवाचून. आमच्या वस्तीच्या ओढ्यावर पूल नव्हता. पावसाळ्यात माझ्या वडिलांना ताप चढला तेव्हा चौघांनी बाजेवर उचलून त्यांना पलीकडे नेले आणि गाडी मिळेपर्यंत रात्र सरली. तो पूल पुढे आमदार निधीतून झाला. सभागृहातल्या कपात सूचनेने तो झाला नसता. पुण्यात बसून घटनेची कलमे सांगणे सोपे आहे.

सांगोलेकर :
मी पुण्यात राहत नाही. रोजगार हमीच्या कामावर खडी फोडणाऱ्या आईचा मी मुलगा आहे. मजुरी थकली होती, तेव्हा विधिमंडळाची रोजगार हमी समिती दौऱ्यावर येणार असे कळताच हजेरीपटाची जुळवाजुळव सुरू झाली आणि पगार वाटला गेला, हे मी लहानपणी पाहिले आहे. आमदारांनी हिशेब मागितला म्हणून आमच्या घरात ज्वारी आली.

जुना लेखापाल :
आमदाराने सुचवलेल्या कामांसाठीचा आमदार निधी 2020 पर्यंत दर आमदारामागे वर्षाला 2 कोटी होता. त्या वर्षी तो 3 कोटी झाला, मग 4 आणि 2022 मध्ये 5 कोटी. हे अंतर तीन अर्थसंकल्पांचे आहे. जिल्हा परिषदेच्या वित्त विभागात माझी नोकरी झाली. आमदारांनी सुचवलेल्या सभामंडपाची मोजमाप पुस्तिका, म्हणजे झालेल्या कामाची नोंद, पुरी नसताना देयक काढावे म्हणून माझ्या टेबलाशी येऊन बसलेले कार्यकर्ते मी पाहिले आहेत. ज्या आमदाराचे काम प्रशासकीय मान्यतेसाठी अडले आहे तो त्याच यंत्रणेला सभागृहात कठोर प्रश्न कसा विचारणार? दुसऱ्या प्रशासकीय सुधारणा आयोगाने 2007 मध्ये याच कारणाने खासदार निधी आणि आमदार निधी दोन्ही बंद करण्याची शिफारस केली होती. अर्थात, सर्वोच्च न्यायालयाने 2010 मध्ये खासदार निधी घटनेला धरून असल्याचा निर्वाळा दिला, हेही सांगितले पाहिजे.

2005 नंतरचा शिक्षक :
निधीचे राहू द्या. ऑगस्ट 2016 मध्ये आमदारांचे वेतन 75 हजारांवरून 1 लाख 70 हजारांच्या घरात गेले, निवृत्तिवेतन 40 हजारांवरून 50 हजार झाले आणि ते विधेयक चर्चेशिवाय मंजूर झाले. 1 नोव्हेंबर 2005 नंतर रुजू झालो म्हणून आम्हाला जुनी पेन्शन नाही, आणि तिच्यासाठी मार्च 2023 मध्ये आम्ही संपावर गेलो तेव्हा राज्याच्या तिजोरीला हा भार पेलणार नाही असे आम्हालाच ऐकवण्यात आले. पाच वर्षांनंतरच्या प्रत्येक वर्षाला 2 हजारांची वाढ धरली तर पंचवीस वर्षे आमदार राहिलेल्यास 90 हजार मिळतात. आबा 2016 मध्ये सभागृहात होतेच. त्या दिवशी चर्चा झाली नाही, ही गोष्ट हिशेबाच्या पट्टीवर कुठे बसते हे सांगोलेकरांनी सांगावे.

माणदेशी :
या प्रश्नाचे उत्तर मलाही हवे आहे.

जुना लेखापाल :
पेन्शन पूर्ण बंद करा म्हणणाऱ्यांनी एक विचार करावा. ज्याच्याकडे कारखाना नाही, ठेकेदारी नाही, अशा माणसाने राजकारणात यायचे असेल तर म्हातारपणी त्याला काही आधार हवा. पंजाबने 2022 मध्ये, कितीही वेळा निवडून आला तरी एका आमदाराला एकच पेन्शन, हा नियम केला, तो मला योग्य वाटतो.

2005 नंतरचा शिक्षक :
गुजरातमध्ये माजी आमदारांना पेन्शनच नाही. तिथे निवडणुकीला उमेदवार मिळत नाहीत काय? तीस वर्षे वर्गात उभ्या राहणाऱ्या माणसाला म्हातारपण नसते काय? आपण स्वतः जुनी पेन्शन घेता, म्हणून आपल्याला हा विषय इतका शांतपणे मांडता येतो.

जुना लेखापाल :
माझी पेन्शन नियमाने मिळालेली आहे, ती कोणाची हिसकावलेली नाही. व्यक्तिगत बोलणे थांबवावे. आमदारांच्या पेन्शनचा एकूण खर्च एका मोठ्या पुरवणी मागणीपुढे नगण्य आहे.

2005 नंतरचा शिक्षक :
रक्कम नगण्य असेल, पण स्वतःच्या वेतनाचे विधेयक न बोलता मंजूर करणारे सभागृह 94 हजार कोटींवर बोलेल असे मी का मानावे?

सांगोलेकर :
शिक्षकांचा हा मुद्दा मला टाळता येत नाही. 2016 चे मौन सर्व बाकांचे होते आणि आबांचे बाक त्यात आले, हे मान्य करावे लागते, मनाविरुद्ध असले तरी. मात्र त्यावरून निधीची पट्टी योग्य ठरत नाही. सरकारी खर्च तपासणाऱ्या महालेखापरीक्षकांचे अहवाल अनेकदा अधिवेशनाच्या शेवटच्या दिवशी पटलावर येतात, त्यांवर चर्चा होत नाही आणि त्यांची छाननी करणाऱ्या विधिमंडळाच्या लोकलेखा समितीपुढे जाईपर्यंत संबंधित अधिकारी निवृत्त झालेले असतात. हा अहवाल पहिल्या आठवड्यात का येत नाही, असे आपल्या तालुक्यातल्या किती सभांत आपण आमदाराला विचारले?

माणदेशी :
एकाही सभेत नाही. आमच्याकडे सभेत रस्त्याचेच विचारतात आणि मीही तेच विचारले. मौन राखून निधी मिळतो हे चांगले नाही, इतके मी मान्य करतो. त्यापलीकडे जाणार नाही. आमदार निधी बंद झाला तर ओढ्यावरच्या पुलासाठी वस्तीने कोणाच्या दारात जायचे? जिल्हा नियोजन समितीत पालकमंत्र्यांपुढे आमच्या वाडीचे नाव कोण घेणार? लेखापालांनी नोकरीत अशा किती वाड्यांचे अर्ज आमदाराच्या शिफारशीवाचून मंजूर होताना पाहिले, तेवढे सांगावे.

जुना लेखापाल :
फार थोडे. पण शिफारस असलेल्या कामांत पुलांपेक्षा सभामंडप जास्त होते.