एमएम 540 मध्ये डीआय इंजिन: चालू जुनं आणावं की सुटे पार्ट जमवून बांधावं?

जीपवाला_आजरा

नमस्कार मंडळी. माझी 1994 ची महिंद्राची एमएम 540 जीप आहे, फोर बाय फोर. वडिलांनी घेतलेली, त्यामुळे विकायचा विषयच नाही. मूळचं 2112 सीसीचं प्यूजो एक्सडीपी इंजिन आता थकलंय. ब्रीदरमधून (इंजिनाच्या आतली हवा बाहेर सोडणाऱ्या नळीतून) धूर येतो, ऑइल खाते आणि आंबोलीच्या चढाला दुसऱ्या गिअरवरही जीव काढते. त्या जागी बोलेरोचं 2523 सीसी डीआय (डायरेक्ट इंजेक्शन) डिझेल इंजिन बसवायचं ठरवलंय.

कोल्हापुरात एका जुन्या मालवाल्याकडे टू व्हील ड्राइव्ह बोलेरोचं अख्खं इंजिन आहे. गिअरबॉक्ससकट पंचाहत्तर हजार सांगतोय. "चालू आहे, न्या आणि बसवा" म्हणतो. दुसरीकडे ओळखीच्या मिस्त्रींकडे मोकळा ब्लॉक (इंजिनाचा मुख्य सांगाडा) आणि क्रँक (पिस्टन फिरवतात तो दांडा) पडून आहे, ते वीस हजारांत द्यायला तयार आहेत. बाकी सगळं नवं टाकून बांधू म्हणतात. मन या दुसऱ्याकडे ओढतंय, कारण आत काय आहे ते निदान माहीत असेल. पावसाळ्याआधी गाडी रस्त्यावर हवी. काय करू?

घाटवाट

अख्खं घ्या आणि बसवून टाका. डीआय सहजासहजी मरत नाही. बांधायला बसलात तर दिवाळी येईल.

उद्यमनगरकर

मी शिवाजी उद्यमनगरात बोअरिंग-ग्राइंडिंगच्या कामात आहे. असली इंजिनं रोज हातात असतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

अख्खंच घ्या. पण "चालू आहे" या शब्दावर विसंबून थेट बसवायला नको. उघडायचं, मोजायचं आणि त्यातूनच आपलं इंजिन बांधायचं, या तयारीने घ्या.

मोकळा ब्लॉक स्वस्त वाटतो, पण पैसा ब्लॉक-क्रँकमध्ये जात नाही. तो जातो फ्लायव्हील, बेल हाउसिंग, सम्प (तळाचं ऑइलचं भांडं), ऑइलचं सक्शन पाइप, टायमिंग कव्हर, पुली, अल्टरनेटरचं ब्रॅकेट, माउंटिंग, पंपाच्या पाइपा आणि शंभर वेगवेगळ्या मापांच्या बोल्टांमध्ये. पिस्टन-लायनरचा (लायनर म्हणजे पिस्टन ज्यात वर-खाली होतो ती नळी) सेट दुकानात मिळतो, ब्रॅकेट मिळत नाही. एकेका ब्रॅकेटपायी आठवडा-आठवडा गाडी उभी राहिलेली मी बघितली आहे. अख्ख्या इंजिनात हे सगळं जागच्या जागी असतं. खोलताना फोटो काढले की बसवताना डोकं लावावं लागत नाही.

मिस्त्रींचा ब्लॉक घ्यायचाच असेल तर मेन बेअरिंगच्या कॅप (क्रँकला ब्लॉकमध्ये धरून ठेवणारे तुकडे) त्याच ब्लॉकच्या आहेत का ते आधी बघा. कॅप ब्लॉकवर बसवून एका रेषेत बोअर केलेल्या असतात. एका ब्लॉकच्या कॅप दुसऱ्याला बसतात, बोल्टही लागतात, पण क्रँक मोकळा फिरत नाही. मग लाइन बोअरिंग आलं. पडून असलेल्या मालात कॅप हरवणं आणि बदलणं नेहमीचं आहे.

आता त्या पंचाहत्तर हजारवाल्याकडे जाल तेव्हा न कळवता सकाळी जा. सुरू करू देण्याआधी ब्लॉकला हात लावा, गार असला पाहिजे. आधीच तापवून ठेवलेलं इंजिन कसंही उचलतं. डीआयमध्ये डिझेल थेट पिस्टनच्या डोक्यावर फवारलं जातं, त्यामुळे कॉम्प्रेशन शाबूत असेल तर ते थंडीतही चटकन पकडतं. फार वेळ सेल्फ मारावा लागला तर समजा की रिंगा, व्हॉल्व्ह किंवा पंप, काहीतरी गेलंय. मग पाणी जोडून वीसेक मिनिटं चालू ठेवायला सांगा आणि चांगलं तापल्यावर ऑइल भरायचं झाकण काढून उलटं ठेवा. थोडं थरथरलं तर चालेल. उडून पडत असेल किंवा धुराचा झोत येत असेल तर लायनर-रिंगा संपल्या. प्रेशर गेज लावायचं तेही इंजिन तापल्यावर, आयडलला. घट्ट ऑइल भरून गार इंजिनावर दाखवलेल्या प्रेशरला काही अर्थ नाही.

हे सगळं पास झालं तरी बसवण्याआधी हेड आणि सम्प उघडाच. लायनरच्या वरच्या काठाखाली, जिथे पहिली रिंग थांबते, तिथे नख फिरवा. कंगोरा नखाला अडकला तर बोअर झिजलाय. किती, ते डायल गेजने तीन उंचींवर आणि दोन दिशांना मापलं की कळतं. क्रँकचे जर्नलही (बेअरिंगमध्ये फिरणारे भाग) मायक्रोमीटरने बघून घ्या. दहा थाऊला (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) ग्राइंड होऊन गेला तर उत्तम. आधीच तीस थाऊ झालेला असेल तर पुढच्या वेळी वाव नाही, ते किमतीत धरा. डीआयचा मूळ बोअर 88.9 मिलिमीटर आणि स्ट्रोक 101.6, म्हणजे साडेतीन इंच आणि चार इंच. ट्रॅक्टरच्या घराण्यातलं लांब स्ट्रोकचं इंजिन आहे. कमी आरपीएमला ओढतं, म्हणून घाटाला तुम्हाला आवडेल. हायवेला मात्र एक्सडीपीसारखं पळवायचं नाही.

माझ्या हिशेबाने बोली अशी करा: "उघडून मापणार आहे, ब्लॉक किंवा हेडला क्रॅक निघाला तर परत." बिलावर तसं लिहून देत असेल तरच पैसे मोजा. त्यावर रिंगा, बेअरिंग, गॅस्केट सेट, ऑइल पंप आणि पंप-नोझल कॅलिब्रेशन एवढा खर्च धरून चाला. मिस्त्रींचे वीस हजार जमवाजमव करता करता याच्या पुढे जातील.

जीपवाला_आजरा

दादा, झाकण उलटं ठेवायची गोष्ट मला कोणीच सांगितली नव्हती. मिस्त्रींकडच्या ब्लॉकच्या दोन कॅप गायब आहेत, आत्ताच फोन करून विचारलं. तो विषय संपला. गिअरबॉक्सही त्याच्यासोबतचाच बसवू का?

उद्यमनगरकर

नको. तो टू व्हील ड्राइव्हचा आहे, मागे सरळ प्रोपेलर शाफ्ट लागतो. तुमचा ट्रान्सफर केस (पुढच्या चाकांनाही ताकद देणारा डबा) त्याला जोडता येणार नाही, आणि तुमची गाडी फोर बाय फोर आहे म्हणून तर तिला जपायचं. तुमचाच केएमटी 90 गिअरबॉक्स ठेवा. मात्र इंजिन घेण्याआधी बेल हाउसिंग आणि फ्लायव्हील त्याला जुळतं का, इनपुट शाफ्टचे दाते क्लच प्लेटला बसतात का, आणि सम्प पुढच्या एक्सलला लागतो का, हे टेप घेऊन मापा. गिअरबॉक्स नको म्हणून सांगून किंमत पाडून घ्या.

आरसीबुक

एक गोष्ट राहतेय. मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 52 प्रमाणे गाडी आरसीवरच्या तपशिलाशी जुळली पाहिजे, आणि इथे इंजिन नंबर आणि सीसी दोन्ही बदलतायत. कोल्हापूर आरटीओत आधी लेखी अर्ज द्या आणि उत्तर आल्यावरच इंजिन उचला. ज्या बोलेरोतून ते निघालंय तिच्या आरसीची प्रत, स्क्रॅपचा कागद आणि जीएसटी बिल मागा. इंजिन नंबर पुसलेला किंवा घासलेला दिसला तर हात लावू नका, चोरीचा माल अंगावर येतो. तुमचं पाच वर्षांचं पासिंग 2024 ला झालं असेल तर पुढचं 2029 ला. तेव्हा इन्स्पेक्टर बॉनेट उघडून नंबर ताडून बघणार.

जीपवाला_आजरा

सोमवारी आरटीओत अर्ज टाकतो. मालवाल्याला इंजिन नंबरचा फोटो मागितलाय, अजून पाठवला नाही. फोटो आणि आरसी दोन्ही हातात आल्याशिवाय बयाणा देत नाही. दादा, उघडायची वेळ आली तर इंजिन तुमच्याकडेच घेऊन येतो.